तीन रेघा मारलेला शेरा : वॉशिंग्टनमधले आठ दिवस

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. मंत्रालयात नोकरी केली, कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झाले, आयुष्य टिपण्या लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या टिपण्यांवरचे शेरे वाचण्यात गेलं. सध्या लेकीकडे हर्नडनला आलोय, व्हर्जिनियात, मेट्रोची सिल्व्हर लाईन घराजवळून जाते. लोक इथे आले की नायगारा करतात, आम्ही मागच्या खेपेला केला. या वेळी लेक म्हणाली आई तुला काय बघायचंय, मी म्हणलं मला यांचं मंत्रालय बघायचंय. म्हणजे जगाबद्दलचे निर्णय हे लोक कुठे घेतात, फाईल कुठून निघते आणि कुणाच्या टेबलावर अडकते ते. ह्यांनी कपाळाला हात लावला. पण आले बरोबर.

रविवार, 14 सप्टेंबर (2025)

सुट्टी असल्यामुळे जावयांनी गाडी काढली आणि बाल्टिमोरला नेलं. बंदर, जुनी जहाजं, नातवासाठी मत्स्यालय, तिकिटं महाग. मला बंदरच बघायचं होतं आणि कारण सांगितलं तेव्हा गाडीत कोणालाच माहीत नव्हतं.

जुलै 1971. पूर्व पाकिस्तानात 25 मार्चच्या रात्रीपासून कत्तल सुरू होती, लाखो माणसं बंगालात येऊन पडत होती आणि अमेरिकेने तर जाहीर केलेलं की आम्ही पाकिस्तानला शस्त्रं देणं थांबवलंय. मग जूनमध्ये पेपरात आलं की जहाजांतून माल जातोच आहे, कारण आधी दिलेली लायसन्स कुणी रद्दच केली नव्हती. (इथे मी मनातल्या मनात हसले. बंदी घालायचा आदेश निघतो आणि जुन्या मंजुऱ्या चालूच राहतात, हे मला कोणी समजावून सांगायला नको.) तर 'पद्मा' नावाचं पाकिस्तानी मालवाहू जहाज याच बंदरात लागणार होतं आणि ते अडवायला इथली साधी माणसं, बरीचशी शांततावादी क्वेकर पंथाची, चक्क वल्हवायच्या छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरली. एवढं मोठं धूड आणि समोर ह्या होड्या. अर्थातच पोलिसांनी उचललं त्यांना. पण फोटो छापून आले, पुढे फिलाडेल्फियातल्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांना हात लावायला नकार दिला, सिनेटमध्ये मदत थांबवायच्या हालचाली सुरू झाल्या, आणि नोव्हेंबरात सरकारने उरलेली लायसन्स रद्द केली. म्हणजे चार महिने लागले. आपल्याकडेही साधारण तेवढेच लागतात.

नातवाने विचारलं, आज्जी होडी बुडली का? नाही रे म्हणलं.

सोमवार, 15 सप्टेंबर

आजपासून आम्ही दोघंच, मेट्रोने. स्टेशनवर लष्करी गणवेशातले नॅशनल गार्ड उभे, ऑगस्टपासून आणलेत म्हणे, एका पोराने ह्यांना सरकत्या जिन्यावर हात दिला. फॉगी बॉटम स्टेशनला उतरलो. नाव असं की एखाद्या डबक्याचं असावं, आणि पूर्वी हा भाग नदीकाठचा, दलदलीचा, धुक्याचाच होता. आता 'फॉगी बॉटम' म्हणजे परराष्ट्र खातं, जसं आपल्याकडे 'सहावा मजला' म्हणलं की मंत्रालयात कळतं कोण ते. यांचा सातवा मजला, तिथे सेक्रेटरी ऑफ स्टेट बसतात.

सी स्ट्रीटवरची हॅरी ट्रुमन बिल्डिंग बाहेरून इतकी रुक्ष आहे की मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आत अर्थातच सोडत नाहीत. समोर उभं राहून बघितलं, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं कॉफी घेऊन आत जात होती, एक बाई फोनवर बोलता बोलता दारातच थांबली आणि फाईल काखेत दाबून चप्पल बदलून बूट घातले. जगात सगळीकडे बायकांच्या पर्समध्ये दुसरी चप्पल असते.

काम कसं चालतं ते मला जावयांच्या ओळखीच्या, तिथून रिटायर झालेल्या एका गृहस्थांनी नंतर फोनवर समजावलं. प्रत्येक देशाचं एक 'डेस्क' असतं, इंडिया डेस्क, पाकिस्तान डेस्क. परदेशातल्या वकिलातीतून 'केबल' येते, डेस्कवरचा माणूस त्यावर कागद तयार करतो, मग तो कागद 'क्लिअरन्स'साठी फिरतो. ज्या ज्या विभागाचा संबंध, त्या त्या विभागाची मान्यता. एखादा विभाग एक शब्द बदला म्हणतो, दुसरा तो परत आधीसारखा करतो. मी म्हणलं अहो हे तर आमचे 'अभिप्राय'! वित्त विभागाचा अभिप्राय, विधी व न्यायचा अभिप्राय. ते हसत म्हणाले, आणि तुमच्यासारखंच, शेवटी जो कागद वर जातो त्यात कोणालाच आक्षेप घेण्यासारखं काही उरत नाही.

पण एक कागद असा गेला होता ज्यात सगळाच आक्षेप होता. 6 एप्रिल 1971, ढाक्याहून. तिथले कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड. डोळ्यासमोर कत्तल बघत होते, रोज कळवत होते, वॉशिंग्टन गप्प. शेवटी त्यांच्या हाताखालच्या लोकांनी सरळ विरोधाची तार लिहिली, 20 अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या, आपलं सरकार नैतिकदृष्ट्या दिवाळखोर ठरलंय अशा अर्थाचं त्यात स्पष्ट लिहिलेलं. ब्लड साहेबांनी ती अडवली नाही, स्वतःचा पाठिंबा जोडून पुढे पाठवली. इकडे याच बिल्डिंगमधल्या दक्षिण आशियाच्या नऊ अधिकाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला. सरकारी नोकरीत असताना वरिष्ठांच्या धोरणाविरुद्ध लेखी सही करणं म्हणजे काय, हे ज्याने नोकरी केलीय त्यालाच कळेल. मी एकदाच केलं होतं, एका जमिनीच्या फाईलवर, नंतर दोन वर्षं नको त्या टेबलावर बसले.

ब्लड साहेबांचंही तेच झालं. बदली. ढाक्यातून परत बोलावलं आणि पर्सोनेलमध्ये, म्हणजे आस्थापनेत बसवलं.

खात्याच्या मागेच जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या गेलमन लायब्ररीत नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह नावाची संस्था आहे. नाव सरकारी वाटतं पण सरकारी नाही, उलट माहिती अधिकारात सरकारकडून गोपनीय कागद काढून लोकांसमोर ठेवणं हेच यांचं काम. यांनी 71 चे कागद नेटवर टाकलेत, रात्री लेकीच्या लॅपटॉपवर बसून बघितले. 28 एप्रिलची टिपणी आहे, सुरक्षा सल्लागार किसिंजरची, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी. अगदी आपल्या पद्धतीची. पर्याय एक, पर्याय दोन, पर्याय तीन, शिफारस तिसऱ्याची, खाली सहीची जागा. आणि त्याखाली निक्सनच्या हाताने शेरा, सगळ्यांसाठी, की याह्याला, म्हणजे पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांना, सध्या पिळू नका. त्यातल्या 'नका'च्या खाली तीन रेघा मारल्यात.

मी ते बराच वेळ बघत बसले. एक रेघ मारली की खालच्याला कळतं. दोन मारल्या तर साहेब चिडलेत. तीन रेघा मी फार कमी बघितल्यात.

आणि कारण काय? आदल्याच दिवशी, 27 एप्रिलला, पाकिस्तानच्या राजदूताच्या हाती चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचा निरोप व्हाईट हाऊसला पोचला होता, की या, बोलू. याह्या खान हे त्या गुप्त बोलण्यातले पोस्टमन. त्यामुळे जुलैत किसिंजर दिल्लीला आले, तिथून पाकिस्तानात, तिथे पोट बिघडल्याचं नाटक केलं आणि 9 तारखेला गुपचूप पेकिंगला उडाले. ह्या फॉगी बॉटममधल्या सातव्या मजल्यावर बसणाऱ्या विल्यम रॉजर्स यांना, म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांना, अगदी शेवटी सांगितलं गेलं. डेस्कवरच्या नऊ जणांना काय डोंबल माहीत असणार. ते बिचारे कागदावर नीतिमत्ता लिहित होते आणि फाईल दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये निकाली निघाली होती.

मंगळवार, 16 सप्टेंबर

कॅपिटॉल, म्हणजे यांचं संसद भवन. टूर फुकट, बुकिंग आधी केलेलं. पण आत खाण्याची कुठलीही वस्तू न्यायची नाही, आणि माझ्या पिशवीत डबाभर शेंगदाण्याचे लाडू. टाकून द्यायचे? मग आम्ही दोघांनी बाहेर उभं राहून मिळून सात लाडू खाल्ले, उरलेले एका शाळेच्या ट्रिपला आलेल्या मराठी दिसणाऱ्या जोडप्याला द्यायचा प्रयत्न केला, ते तेलुगू निघाले पण घेतले त्यांनी.

घुमट वगैरे भव्य आहे, त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. मला सिनेटची गॅलरी बघायची होती. परदेशी पाहुण्यांना ओळखपत्र दाखवून पास मिळतो. आत गेलो तर काय, एक सिनेटर उभं राहून तावातावाने बोलतायत आणि समोर बाकं रिकामी. ह्यांना आपल्या विधान परिषदेची दुपार आठवली. खरं काम इथे कमिट्यांमध्ये चालतं. परराष्ट्र संबंधांची सिनेट कमिटी 1816 पासूनची. मग रस्ता ओलांडून डर्कसन बिल्डिंगमध्ये गेलो, 419 नंबरची खोली शोधली, दार बंद. पाचच दिवसांनी चुकलं! 11 तारखेला भारतातल्या नव्या राजदूतपदासाठी सर्जिओ गोर यांची सुनावणी कमिटीसमोर झाली होती. सुनावण्या खुल्या असतात, रांगेत उभं राहून कोणीही बसू शकतं. आधी कळलं असतं तर मी सकाळी सहाला रांग लावली असती, डोंबिवलीच्या माणसाला रांगेचं काय.

राजदूत राष्ट्राध्यक्ष निवडणार पण सिनेटने हो म्हणल्याशिवाय जाणार नाही. परदेशाशी तह करायचा तर हजर सिनेटर्सपैकी दोन तृतीयांश हवेत. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष विल्सन स्वतः पॅरिसला जाऊन व्हर्सायचा तह करून आले आणि सिनेटने तो 1919 मध्ये आणि पुन्हा 1920 मध्ये पाडला. जगाला राष्ट्रसंघ देणारा माणूस स्वतःच्या देशाला त्यात नेऊ शकला नाही. त्यामुळे पुढच्यांनी धडा घेतला आणि जमेल तिथे 'तह' हा शब्दच टाळला, करार म्हणायचं, म्हणजे दोन तृतीयांशची भानगड नाही.

आपला अणुकरार आठवतो ना? जुलै 2005 मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांनी जाहीर केला. पण इथला कायदा आडवा येत होता म्हणून आधी 2006 मध्ये खास कायदा, मग अणुपुरवठादार देशांची सूट, मग पुन्हा काँग्रेसची, म्हणजे यांच्या संसदेची, मंजुरी. 1 ऑक्टोबर 2008 ला सिनेटमध्ये 86 विरुद्ध 13. सव्वातीन वर्षं. आपल्याकडे त्यावरून सरकार पडता पडता वाचलं आणि आपण सगळे दिल्लीकडे बघत होतो, इथे या बिल्डिंगांमध्ये किती जिने चढउतार झाले असतील.

बुधवार, 17 सप्टेंबर

ह्यांचे गुडघे सुजले, घरी राहिले. मी लेकीबरोबर अर्धा दिवस नॅशनल आर्काइव्हजला. आज इथला संविधान दिन, 1787 ला याच तारखेला सह्या झाल्या, त्यामुळे गर्दी. आत अंधुक उजेड, फोटो काढायला बंदी. काचेखाली चामड्यावर लिहिलेली पानं. अक्षर काय सुंदर! लेकीने फोनवर मजकूर काढून दिला आणि आम्ही कलमं शोधत बसलो. युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला. आयात कर बसवायचा अधिकार काँग्रेसला. सैन्याचा प्रमुख मात्र राष्ट्राध्यक्ष. आता यातून भांडण होणार नाही तर काय. व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर 1973 मध्ये काँग्रेसने निक्सनचा नकाराधिकार डावलून कायदा केला की सैन्य लढाईत उतरवलं तर 48 तासांत कळवा आणि मंजुरी नसेल तर 60 दिवसांत थांबवा. नंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी तो पाळला असं म्हणणं धाडसाचं होईल.

आणि आयात कराचं म्हणाल तर 27 ऑगस्ट 2025 पासून भारताच्या बऱ्याच मालावर 50 टक्के लागला होता, त्यातला निम्मा रशियाचं तेल घेतो म्हणून. कुठे मतदान झालं? कुठेच नाही. 1977 चा एक आणीबाणीचा कायदा आहे त्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, त्यावर तेव्हा कोर्टात वाद चालू होता. आमच्या सोसायटीतला एक मुलगा सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात आहे, माल सगळा अमेरिकेला. त्याच्या आईने परवाच व्हॉट्सअपवर विचारलं होतं, काकू तुम्ही तिथेच आहात ना, काय चाललंय? जणू मी विचारून येणार.

गुरुवार, 18 सप्टेंबर

व्हाईट हाऊस. बाहेरूनच. फोटोत वाटतं त्यापेक्षा छोटं आहे, हे सगळेच म्हणतात आणि खरंच आहे. मला त्याच्या शेजारची करड्या दगडाची, खांबच खांब असलेली बिल्डिंग जास्त आवडली. 1888 ला पुरी झाली, तेव्हा परराष्ट्र, युद्ध आणि नौदल ही तिन्ही खाती या एकाच छपराखाली मावायची! आता त्यात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची माणसं बसतात. (युद्ध खात्याचं नाव मध्ये संरक्षण झालं होतं, या 5 सप्टेंबरला आदेश निघाला की पुन्हा 'युद्ध' म्हणायला हरकत नाही. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ.)

ही परिषद 1947 च्या कायद्याने आली, सीआयएसुद्धा त्याच कायद्यातली. खाली उपमंत्र्यांच्या पातळीवरची कमिटी, तिच्यात नाही मिटलं तर मंत्र्यांची, तिथेही नाही तर राष्ट्राध्यक्ष. सगळं जुळवून आणणारा सुरक्षा सल्लागार, आणि गंमत म्हणजे त्याला सिनेटची मान्यता लागत नाही. राजदूताला लागते, याला नाही. म्हणून जो दारापाशी बसतो त्याचं वजन जास्त. साहेबांच्या पीएचं असतं तसं. किसिंजर तर 1973 पासून दोन वर्षं सल्लागारही आणि परराष्ट्रमंत्रीही, म्हणजे टिपणी पाठवणारा तोच आणि अभिप्राय देणारा तोच. 2025 च्या मे महिन्यात मार्को रुबिओंकडे तशाच दोन्ही खुर्च्या आल्या.

1971 च्या डिसेंबरात इथे तळघरातल्या सिच्युएशन रूमच्या बैठकांत किसिंजर अधिकाऱ्यांना सांगत होते की राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला माझ्यावर उखडतायत, त्यांना पाकिस्तानच्या बाजूने झुकायचंय. इतिवृत्त लिहिलं गेलं, आणि ते फुटलं! जॅक अँडरसन नावाच्या पत्रकाराने छापलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं त्यांना. तेव्हा मी करमाळ्याजवळच्या आमच्या गावात, आठ वर्षांची. गावात मोजके रेडिओ, पारावर माणसं जमलेली आणि एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी, 'सातवं आरमार येतंय'. एंटरप्राइझ नावाची विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली होती. माझी आजी म्हणाली, येऊ दे, उजनीला पाणीच नाही, कुठे येतंय. (उजनी धरण तेव्हा बांधत होते.)

परतताना स्मिथसोनियन स्टेशनच्या बाहेर यांचं शेती खातं लागलं आणि मी तिथे बाकावर बसलेच. परराष्ट्र धोरणात शेती खात्याचं काय काम असं वाटेल. पण पीएल 480 आठवा. 1954 चा कायदा, इथल्या शेतकऱ्याचा जास्तीचा गहू बाहेर खपवायचा आणि मित्र जोडायचे, एका दगडात दोन पक्षी. 65-66 च्या दुष्काळात आपण त्यावरच जगलो आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेबांनी गव्हाची जहाजं स्वतःच्या हातात ठेवली, लांबचं काही नाही, थोडं थोडं सोडायचं, कारण आपण व्हिएतनामवरून त्यांना सुनावत होतो. म्हणजे रेशनच्या दुकानातल्या तराजूचा काटा व्हाईट हाऊसमध्ये. त्याच गव्हाबरोबर गाजरगवताचं बी आलं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. आणि 72 च्या दुष्काळातली अमेरिकेची मिलो, लाल ज्वारी, मी स्वतः खाल्लीय. भाकरी थापताना चिरा पडायच्या, आई पीठ उकडून घ्यायची तरी कडा फाटायच्या. ह्यांनी विचारलं काय बघतेस एवढं त्या बिल्डिंगकडे. मी म्हणलं, भाकरी.

शुक्रवार, 19 सप्टेंबर

डुपॉन्ट सर्कल, मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू. आपली वकिलात, समोर गांधीजींचा चालता पुतळा, 2000 साली वाजपेयींनी उद्घाटन केलेला. जवळच ब्रुकिंग्ज आणि कार्नेगी या थिंक टँक एकमेकींना खेटून. सरकार बदललं की इथली माणसं खात्यात जातात आणि खात्यातली इथे येऊन बसतात, पुन्हा आपली पाळी येईपर्यंत. आपल्याकडे रिटायर झाल्यावर आयोगावर जातात तसं, फक्त इथे परतीचं तिकीटही असतं. बाकी दुपारभर पाय मोकळे केले, आईस्क्रीम खाल्लं.

संध्याकाळी घरी वरणफळं करत होते तर जावयांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. एचवनबीवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर! राष्ट्राध्यक्षांनी घोषणापत्रावर सही केली, शनिवारची मध्यरात्र उलटली की 12 वाजून 1 मिनिटापासून लागू. दरवर्षी भरायचे की एकदाच, जुन्या व्हिसावाल्यांना की नव्यांना, कोणालाच धड कळेना, वाणिज्यमंत्री एक बोलले, कागदात दुसरंच. कंपन्यांच्या वकिलांचे ईमेल, बाहेर असाल तर 24 तासांत परत या. जावयांचा एक सहकारी नाशिकला गेलेला, वडील गेल्याला वर्षही नव्हतं झालं, रविवारी सर्वपित्रीला घरी पान वाढायचं म्हणून खास गेलेला. जावई त्याला फोन करून उठवत होते, तिकडे पहाट.

मी जावयांना म्हणलं, तो कागद मला काढून दे. प्रिंट घेतली, चष्मा लावला. चांगला लिहिलेला होता, कलमं, उपकलमं, अपवाद. कोणत्या विभागाचे अभिप्राय घेतले होते ते कुठे दिसत नव्हतं.

शनिवार, 20 सप्टेंबर

दुपारी व्हाईट हाऊसच्या प्रवक्त्यांनी खुलासा केला. एकदाच भरायचे, फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. तोपर्यंत नाशिकचा मुलगा विमानात बसून दहा तास झाले होते.

रात्री जावई डलेस विमानतळावरून त्याला आमच्याकडेच घेऊन आले. जेवला नाही. बूट न काढता सोफ्यावर झोपला.

रविवार, 21 सप्टेंबर

सकाळी उठून खीर, वडे, आमसुलाची चटणी केली, अळू मिळालं नाही तर पालक घातला. नाशिकला त्याच्या भावाने सगळं उरकलं होतं, फोटो आलेला. तरी हा म्हणाला काकू एक पान बाहेर ठेवू का. मागच्या डेकवर ठेवलं आणि आम्ही सगळे काचेच्या आत उभे राहिलो. इथे कावळे आहेत, आवाज येतो झाडीतून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नातवाने काच ठोठावली. शेवटी एक खार आली आणि वडा उचलून कठड्यावरून पळाली.

तो मुलगा पहिल्यांदाच हसला.